पाठीचं माप

दहीपुलाच्या उतारावर आमचं दुकान.
फळीवर सदतीस वह्या, वर्षाला एक.
नाव, छाती, बाही, पुढची उंची, पाठ, बाकी.

क्षेमकल्याणी बाईंचा ब्लाउज
शहाण्णव साली पुढे चौदा, मागे चौदा.
मग एका दिवाळीला पाठ चौदावर दोन सूत.
मग साडेचौदा.
मग पुढचं साडेतेरा.
"टेप आखडली का हो तुमची?" त्या हसल्या.
मी टेप बदलली. माप तेच आलं.

दुखत काहीच नव्हतं त्यांना.
शिंक आली, एवढंच.
शिंकेनं मणका मोडतो हे मला
कॅनडा कॉर्नरच्या तपासणीचा कागद
त्या कापडाच्या पिशवीत विसरल्या, तेव्हा कळलं.
उणे तीन पूर्णांक एक.
उण्यातलं माप मी कधी घेतलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कागद न्यायला आल्या, टेकल्या.
चाळिशीच्या आत पिशवी काढलेली.
आईचा खुबा मोडलेला, त्यातच ती गेली.
चण पहिल्यापासून काडीची,
आणि तीस वर्षं कचेरीत, ट्यूबलाइटखाली.
"आतून पोकळ होतं म्हणे हाड. वरून कळत नाही."
मी म्हटलं, आमच्यात त्याला विरणं म्हणतात.
शालू घडीत असतो तोवर शाबूत,
उजेडाकडे धरला की चाळण.

त्या गेल्यावर जुन्या वह्या काढल्या.
अत्तारांची हाजराबी. मिशरीवाल्या ओढेकर मावशी.
पेठे सिस्टर, ओट्यापाशी घसरून मनगट मोडलेल्या;
तेव्हा गल्ली म्हणाली, फरशी ओली होती.
सगळ्यांच्या पाठी सुतासुतानं वाढलेल्या
माझ्याच अक्षरात,
आणि मी खूश, की आपली फिटिंग चुकत नाही.

बायकांचं दुखणं, म्हणून वही मिटली.

रात्री दम्याची गोळी घेतली,
तीच बारकी, पांढरी, अकरा वर्षांची सोबतीण.
"हाडं एकदा बघून घ्या," डॉक्टर म्हणाले होते केव्हातरी.
मी तंबाखू मळत होतो.
सदऱ्याची पुढची कड हल्ली
गुडघ्याला लागते.

सकाळी इरफानला म्हटलं, टेप घे.
"कुणाचं माप, चाचा?"
माझं. पाठ आधी.
तो बराच वेळ मागे थांबला,
मानेखालच्या हाडावर टेपचं गार पितळी टोक धरून.
आकडा सांग, म्हटलं.
"सरळ उभे राहा ना," म्हणाला.

मी सरळच उभा होतो.