गारोची पावती

पेटीवर नंबर आहे, नाव नाही.
आत टिश्यूच्या सात घड्या,
आणि सातव्या घडीत
दोनशे वर्षं न विंचरलेला एक अंबाडा,
मधाच्या रंगाचा, मुळाशी जरा काळपट,
बिळात झोपलेल्या जनावरासारखा.

ग्वेन म्हणते, हातमोजे घाल.
घालते.
हातमोजे घालून केसांना शिवणारी
आमच्या घराण्यातली मी पहिलीच.
आजोबांच्या धोपटीत वस्तरा, तुरटी, फुटका आरसा,
आणि गावातली सगळी डोकी
त्यांच्या बोटांना पाठ.

बाथ शहर. अठराशे दोन.
लढाई थांबलीय, थोडे दिवसच,
म्हणून ज्यांना परवडतं ते पॅरिस बघून येतायत.
मिसेस थिओडोसिया पेनफोल्डही बघून आली.
तिथे म्हणे बायकांनी केस कापलेत, मुलग्यांसारखे,
मानेवरून पार,
पुढे नुसत्या विस्कटलेल्या बटा, रोमन पुतळ्यासारख्या.
नाव टायटस.
पावडर गेली, डोक्यावरचे मनोरे गेले,
कंबर वर सरकून छातीखाली आली,
अंगावर आपल्याकडची मलमल, इतकी तलम
की विणणाऱ्याने बाथचा नोव्हेंबर
स्वप्नातही पाहिला नसणार.
आणि काही जणी गळ्यात लाल फीत बांधतात, बारीक,
जिथून पातं गेलं असतं, तिथून.
गिलोटिनकडे नेण्याआधी मान मोकळी करायचे ना,
त्याचीच ही फॅशन, असं सांगतात.
खरं-खोटं कुणी पाहिलंय.
केसाने गळा कापतात हे मला मराठीत माहीत होतं.
गळ्यासाठी आधी केस कापतात
हे इथे कळलं.

वॉलकॉट स्ट्रीटवर इप्पोलित गारो नावाचा न्हावी,
पळून आलेला.
पळून आलेले सगळेच स्वतःला राणीचे न्हावी म्हणवत.
हा म्हणवत नसे.
मिसेस पेनफोल्डने खुर्चीत बसून टायटस मागितला
तेव्हा त्याने काय केलं, कुठे लिहिलेलं नाही.
मला वाटतं, तो थांबला असेल.
मान मोकळी कर म्हणणारी बाई
त्याच्यासमोर हसत बसली होती.
मग कात्री.

घरी नवरा तीन दिवस
वर्तमानपत्राच्या आडूनच बोलला.
पंप रूममध्ये कुणीतरी हळूच विचारलं,
मोठा ताप येऊन गेला का?
आमच्याकडे विचारलं असतं,
कोण गेलं?

मग नोव्हेंबर आला. कान गार पडले.

पेटीच्या तळाशी पावती आहे, घडीवर फाटलेली,
अक्षर तिरकं, शाई तांबूस:
केस कापणे, पाच शिलिंग.
खाली वेगळ्या शाईत, तीन महिन्यांनंतरची तारीख:
अंबाडा, उत्तम प्रतीचा, खऱ्या केसांचा, दोन गिनी.
आणि त्याखाली, फ्रेंचमध्ये, बहुतेक स्वतःपुरतंच:
तिचेच.

ग्वेन हसून हसून खुर्चीवरून घसरली.
मी जेवणाच्या सुट्टीत वडिलांना फोन लावला, राहात्याला.
दुकानात गिऱ्हाईक होतं,
मागे कात्रीचा आवाज येत होता.
सगळं सांगितलं. पाच शिलिंग, दोन गिनी,
मला वाटलं म्हणतील, पक्का धंदेवाला.
कात्री थांबली.
म्हणजे जपून ठेवले होते, ते म्हणाले.
तीन महिने.
आपण तर झाडून टाकतो.

दुपारभर मी चिमट्याने
जाळीतून सुटलेले केस मूळ जागी बसवत राहिले.
मधाचे. मधाचे. मधाचे.
चारच्या सुमाराला पांढऱ्या टिश्यूवर
एक काळा, जाडसर, वितीएवढा.
ग्वेनने तो उचलून भिंगाखाली धरला,
नोंदवही पुढे ओढली,
माझ्याकडे पाहिलं,
आणि पेन उघडंच ठेवलं.