रिकामे कॅन

मी रामकुंडाच्या पायऱ्यांवर रिकामे कॅन विकतो.
एक लिटर, पाच लिटर,
आणि गावाकडे वास्तुशांत असेल तर वीस.
पाणी ज्याचं त्याने भरायचं,
मी त्याच्याभोवतीचं प्लास्टिक तेवढं विकतो.

बुधवारी दुपारी एक मुलगी आली, कॉलेजची.
हातात पॅड, पॅडला सुतळीने बांधलेलं पेन.
नाव? दगू गांगुर्डे.
किती वर्षं बसता इथे? सव्वीस.
मग म्हणाली, काका,
तुमच्या दृष्टीने नदीची किंमत किती?
रुपयांत सांगायची. एका वर्षाची.

मी हसलो नाही. प्रश्न वाईट नव्हता.
पण आमच्यात तिला नदी कोण म्हणतं?
गंगेवर जाऊन येतो, एवढंच सांगून माणूस घरातून निघतो.
बाजाराला निघालाय की दहाव्याला
ते हातातल्या पिशवीवरून कळतं,
कधी कधी तीही एकच असते.

घरी नळाला पाऊण तास पाणी येतं,
तेही हिचंच, वर गंगापूरच्या धरणात अडवलेलं.
त्याची पाणीपट्टी भरतो.
इथे कुंडात आली की तीच तीर्थ होते,
आणि पुढे टाकळीकडे गेली की नाकाला रुमाल.
पाणीपट्टीचा आकडा लिही, म्हटलं.
ती म्हणाली, तो खर्च झाला काका.
किंमत सांगा.

मग मी तिला दुतोंड्या मारुती दाखवला.
धरणातून सोडलं की मोबाइलवर क्युसेक येतात,
पण क्युसेक वाचून कुणी दुकान हलवत नाही.
मारुतीच्या गुडघ्याला लागलं की चहावाला स्टोव्ह उचलतो.
छातीला लागलं
की सराफ बाजारातले शेठसुद्धा
आमच्यासारखेच, डोक्यावर गाठोडं, पायजमा वर खोचलेला,
आणि मला, मला विचारतात, दगूभाऊ, अजून चढेल का?
त्या एका दुपारचे किती लावशील?

तिने काहीतरी लिहिलं. खोडलं.

एका साली मलाच उशीर झाला.
सासरे सिव्हिलला होते, रात्र तिकडेच गेली.
येऊन बघतो तर चाळीस कॅन,
नायलॉनच्या दोरीत ओवलेले,
गाडगे महाराज पुलाखालून माळेसारखे निघालेत.
रिकामे होते म्हणून गेले. भरलेले असते तर इथेच बसले असते.
पुलावरच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.
मीही थोड्या वाजवल्या, काय करणार.

प्रत्येक कॅनवर मी मार्करने माझा नंबर लिहितो,
कुठून तरी घाऊक ऑर्डर येईल म्हणून.
त्या पुरानंतर महिनाभर फोन उशाशी ठेवून झोपलो.
कुणाचा आला नाही.

मुलीने समोरचा कॅन उचलला.
फिरवला. नंबर वाचला, ओठ हलवत, पुन्हा वाचला.
हा आमच्याकडे आहे, म्हणाली.
सायखेड्याला.
पूर ओसरल्यावर बांधावरच्या बाभळीला
अख्खी माळ अडकलेली होती.
गल्लीत सगळ्यांनी एकेक नेला,
आमची आई त्यात कांद्याचं बी ठेवते.
शेवटचे दोन आकडे पुसलेत,
नाहीतर दादाने तेव्हाच फोन लावला असता.

कसं आलं बी? मी विचारलं.
चांगलं येतं, ती म्हणाली. ओल लागत नाही.

मग ती पायरीवर टेकली, पॅड मांडीवर घेतलं,
आणि किमतीच्या रकान्यात
माझा नंबर लिहिला. दहाच्या दहा आकडे,
शेवटचे दोन जरा ठळक.
मॅडम ओरडतील, मी म्हटलं.
ओरडू देत. त्यांना आकडाच हवा होता ना.

तेवढ्यात सुरतेची बस रिकामी झाली.
एक बाई ओल्या साडीनेच आली, पाच लिटरचा कितीला?
पन्नास.
चाळीसला द्या हो भाऊ,
पाणी तर फुकटच आहे.