पासंग

हँडिकॅप म्हणजे काय ते मला वसंता मगदूमनं शिकवलं,
हळदीच्या पोत्यावर बसून, मोबाइल गुडघ्यावर टेकून.
"तात्या, तगडी टीम असती ना,
तिच्या डोक्यावर मॅचआधीच दीड गोलाचं ओझं द्यायचं.
एक-शून्यानं जिंकली, तरी आपल्या वहीत हरली."
"अर्धा गोल कोण मारतो रे?"
"कुणीच न्हाई. म्हणून तर अर्धा.
बरोबरीत सुटायला वाटच ठेवायची नाही."

तीस वर्षं सांगलीच्या यार्डात तोलार आहे मी.
मला काय नवीन होतं त्यात?
ओल धरून पोत्यामागं कडता कापायचा,
हलक्या पारड्याला दगड बांधायचा,
दांडी सरळ झाली की म्हणायचं, झाला न्याय.
माझ्या उमेदवारीत रुमालाखाली बोटं धरून भाव ठरायचा.
वरून बघणाऱ्याला दोन माणसं फक्त
एकमेकांचा हात धरून उभी दिसायची.

वसंता मग पाव गोलावर आला.
तिथं पैज मधोमध फाटते,
बरोबरी झाली तर अर्धे पैसे बुडतात, अर्धे परत.
म्हटलं, हे आमच्या मेव्हण्याच्या उसनवारीसारखंच झालं.
कुणीही जिंको, तोलाई कापली जाते,
हे मात्र त्यानं सांगितलं नाही.
ते मला न सांगता कळतं.

रविवारी मिरजेच्या मैदानावर इर्शादची मॅच.
इर्शाद शिकलगार. आठवडाभर माझ्या काट्यावर पोती चढवतो,
रविवारी डावा बॅक.
समोर कोल्हापूरची टीम, बूटसुद्धा एका रंगाचे.
वसंतानं भाव काढला: आपल्या पोरांना दीड गोल.
मी पाचशे लावले.
इर्शादवर विश्वास म्हणून लावले, असं स्वतःला सांगितलं.

शेवटची पाच मिनिटं. एक-शून्य. आम्ही मागे.
मैदानावर मागे.
माझ्या खिशात अर्ध्या गोलानं पुढे.

तेवढ्यात इर्शाद चेंडू घेऊन सुटला.
डावी कड मोकळी, धूळ, टाचेवर फाटलेला मोजा,
माणसं कठड्यावर उभी राहिली,
कुणाची तरी म्हातारी "मार लेका" म्हणून ओरडली.
त्याच्या मागं सगळं रान उघडं पडलेलं.
आणि माझ्या तोंडून गेलं,
"मागं फिर! इर्शाद, मागं फिर!"

शंभर हमालांच्या गलक्यात
माझी हाळी त्याला रोज ओळखू येते.
तीही आली.
एक पाऊल अडखळला. तेवढंच.
चेंडू बाहेर.
नंतर शिट्टी.

वसंतानं सगळ्यांना चहा सांगितला.
इर्शादच्या पाठीवर थाप मारून म्हणाला,
"वा रे पठ्ठ्या, काय झकास हरलास!"
दोघेतिघे हसले. ते पण जिंकले होते.
इर्शादनं कप धरून ठेवला, साय येईपर्यंत.
मग माझ्याजवळ आला. हळू विचारलं,
"तात्या, तुम्हाला काय दिसलं होतं?
मागं त्यांचा गडी मोकळा होता का?"

"होता," मी म्हटलं.

"मग बरं झालं," तो म्हणाला, "हाक मारली ते."

पाचशेचे साडेनऊशे आले.
पन्नास वसंतानं ठेवून घेतले.

सोमवारी सकाळी यार्डात पहिली गाडी लागली.
आता दांडी नाही, दगड नाही,
इलेक्ट्रॉनिक काटा आहे, लाल आकड्यांचा.
माल चढवण्याआधी तो शून्यावर आणायचा असतो.
रिकाम्या काट्यावर चाळीस ग्रॅम दिसत होते,
धूळ असेल, हळदीची.
मी बटण दाबलं. पुन्हा दाबलं.
इर्शाद पोतं पाठीवर घेऊन वाकलेला,
माझ्या हाळीची वाट बघत.