पडताळणी

आधी पगार थांबला, मग नळ, मग दिवे.
क्रम चुकत असेन.
तारखा लिहायची सवय सुटली त्याला सात होळ्या झाल्या.

धुळ्याहून निघालो तेव्हा एकसष्ट होतो,
आग्रा रोडने उत्तरेला, रात्री चालत,
दिवसा उलटलेल्या कंटेनरच्या सावलीत झोपत.
नरडाण्याला शिंप्याची सून बाळंत झाली.
सावळद्याच्या पुलावरून तापी दिसली,
कोणी हात जोडले नाहीत. प्यायला खाली उतरलो, एवढंच.
टोलनाक्याच्या काचेच्या खोपट्यात एक शेळी उभी होती,
आमच्याकडे बघत, सुटे पैसे मागितल्यासारखी.
पळासनेरच्या पुढे सडक सोडली.

आता पाच चुली आहोत.
ठिबकच्या नळ्या उभ्या चिरून मी दोर वळतो,
गंभीर तडवी त्यांचेच मासे धरायचे सापळे विणतो.
कडू कंद दोन रात्री वाहत्या पाण्यात ठेवायचा असतो.
पहिल्या वर्षी एकच रात्र ठेवला.
दोन माणसं गेली,
त्यातला एक वनस्पतिशास्त्र शिकवायचा.

रेहमलचा थोरला आमच्या निशासाठी विचारतोय.
पण आधी कूळ हवं. एकच कूळ निघालं तर जमत नाही.
आम्हाला तर कूळच नाही,
म्हणजे कोणाशीही जमेल, की कोणाशीच नाही?

काल मोहाखाली पंच बसले.
मधोमध भुरली. दात तीन, आवाज सबंध.
"कोना पोऱ्या शे तू?"
अहिराणी माझ्यासाठी. आपसात पावरीत हसतात.
मी बापाचं नाव सांगितलं, गल्ली नंबर सहा.
"गल्ली म्हणजे नदी?"
नाही.
"डोंगर?"
नाही. नंबर.
"बरं. कोणत्या झाडाला तुमचे लोक कुऱ्हाड लावत नाहीत?"
आठवून पाहिलं.
कॉलनीत एक बदाम होता. गटाराच्या कामात गेला.
"विस्तव मागायला आलेल्याला काय विचारता?"
काहीच विचारत नाहीत.

हे मात्र येत होतं.
हाच प्रश्न, जवळपास याच शब्दांत,
आमच्या कार्यालयाच्या प्रश्नावलीत होता:
आप्तभाव चाचणी, रकाना अकरा.
मी टेबलाच्या अलीकडे, पंख्याखाली,
पलीकडे डोंगरातून दोन एसट्या बदलून आलेली माणसं,
तळहाताला घाम, पिशवीत शाळेचा दाखला.
उत्तर जुळलं नाही की निळ्या शाईत
अमान्य.
हा डोंगर मी त्या फायलींतच शिकलो.

भुरलीने कमरेचा एक कागद काढला,
लॅमिनेशन केलेला, कडा जळक्या.
त्यानेच ती चूल वारते.
तिच्या बाज्याच्या दाव्याचा निकाल.
सही उन्हाने गेलेली, शिक्क्याचं वर्तुळ तेवढं उरलेलं.
ती माझी होती की शेजारच्या टेबलाची, सांगता येत नाही.
मी विचारलं नाही.
बाज्या कुठे असतो, हेही.

"पन्नास सालाआधीचा पुरावा शे का?"
भुरलीने विचारलं, आणि सगळा मोह हसला,
पुरावा म्हणजे काय ते न कळणारी पोरंसुद्धा.

आमचे मास्तर उठले. ते संध्याकाळी असंच बोलतात,
की माणूस अखेर आपल्या मुळाकडे परत आला.
"परत?" भुरली म्हणाली, "पहिले कव्हय उनथात?"
मास्तर बसले.
वर पानात एक भेकड मोहफूल सुटलं,
कोणाच्याच टोपलीत पडलं नाही.

निकाल पुढच्या होळीला.
आम्हीही असंच म्हणायचो, पुढील तारीख.
फक्त आमच्याकडे बसायला बाकडं नसायचं,
आणि इथे मला भाकर वाढली.

निघताना सांगितलं, कालच्या वाऱ्यात आमची चूल विझली.
भुरलीने विजेच्या खांबावरची चिनी मातीची वाटी घेतली,
राखेत दोन निखारे दाबले, माझ्या हातात दिली.
विचारलं काही नाही.

उतारावर वाटी तापत गेली.
हात बदलत, बदलत आलो.