प्रश्न क्रमांक त्रेसष्ट

पुंता अरेनासमध्ये, सामुद्रधुनीच्या काठी,
आम्ही एक दवाखाना बांधत होतो.
आम्ही म्हणजे ते. मी फक्त कागद सांभाळत होते:
दोनशे चौदा नकाशे, तपशिलांची जाड वही,
आणि करार, ज्याचं शेवटचं पान
माझ्याशिवाय कोणी वाचलं नव्हतं.

प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात एक ओळ असते:
पट्टी लावून माप घेऊ नये, लिहिलेला आकडाच खरा.
माझ्या लग्नाच्या कागदावर ती नव्हती.

बदल झाला की नकाशावर ढग काढतात,
बदललेल्या जागेभोवती गुबगुबीत रेघ.
आमच्या गावात ढग एका जागी ठरत नाहीत,
कागदावरचे मात्र साचत गेले;
सातव्या आवृत्तीत उत्तरेची भिंत
नीट दिसेनाशी झाली.

त्याच ढगाखाली दार होतं.
नकाशात ते बाहेर उघडत होतं,
पाव वर्तुळाची नाजूक कमान, रस्त्याकडे.
दारांच्या तक्त्यात लिहिलं होतं: आत.

निबाल्दो बार्रिया, मुकादम, मूळचा चिलोए बेटावरचा,
दोन्ही कागद माझ्या टेबलावर ठेवून म्हणाला,
"यातला खोटा कुठला?"
मी करार काढला. कलम अकरा:
नकाशा आणि तपशील यांत विसंगती आढळल्यास
तपशील श्रेष्ठ.
"आणि वारा?"
वारा कुठल्याच कलमात नव्हता.

आग लागली तर माणसं दार ढकलतात,
म्हणून ते बाहेरच उघडायला हवं.
पण डिसेंबरात वारा पश्चिमेकडून कडेकडेनं येतो,
बोटभर फट सापडली की
फळी बिजागरीसकट उपटतो.
हे निबाल्दोला माहीत होतं, मला माहीत होतं,
कोपऱ्यावरच्या पाववाल्यालाही.

प्रश्न त्रेसष्ट मी सुवाच्य अक्षरात लिहिला.
अकरा दिवसांनी सान्तियागोहून उत्तर आलं:
"करारानुसार करावे."
निबाल्दोनं ते रिकाम्या चौकटीवर डकवलं.
दिरंगाईचा दंड रोज मोजला जात होता.

मग येर्का कुसानोविच स्वतः आली.
आजा इथलाच, पण ती राजधानीत वाढलेली.
तिच्या रेघा सुरेख, हे मी आधीपासून म्हणत असे,
जिना काढते तर चढावासा वाटतो.
भाड्याची गाडी तिनं वाऱ्याकडे पाठ करून उभी केली.
निबाल्दो ओरडला, "दोन्ही हातांनी!"
तोवर दार पुढच्या चाकाकडे मुडपलं होतं.
पत्रा असा विव्हळतो, मला ठाऊक नव्हतं.

ती काही बोलली नाही.
आडोशाला आली, नकाशा पालथा घातला,
त्याची पेन्सिल मागून घेतली
आणि कोऱ्या बाजूला, दाराच्या पश्चिमेला,
माणसाहून उंच एक भिंत काढली.
"किती पुढे?"
निबाल्दोनं पावलं टाकली, थांबला, गाल वाऱ्याला दिला,
अर्धं पाऊल आणखी.
"सव्वादोन मीटर."
सांगितलं त्यानं, लिहिलं तिनं.
दार बाहेरच उघडेल.

पैसे कोणी द्यायचे, यात पुढचे दोन महिने गेले.
कागदी घोडे या गावातही रमतगमतच चालतात.
वाढीव कामाच्या आदेशावर दोन सह्या आहेत,
एक पळती, एक दाबून केलेली,
मध्ये माझा शिक्का, जरा वाकडा.

काम संपलं की नकाशांचा शेवटचा संच बनतो,
ठरलं होतं तसा नाही, झालं तसा.
निबाल्दो लाल पेन्सिलीनं खुणा करत बसला:
नळ इथून नाही, तिथून;
तुळई चार बोटं खाली;
ही भिंत नव्हती, आहे.
तो गेल्यावर मी पट्टी लावली.
लावू नये. लावली.
सव्वादोन.

नोंदवहीत प्रश्नासमोर निकालाचा रकाना असतो.
त्रेसष्टसमोर मी लिहिलं: भिंत.

गाडीच्या दाराचं बिल कुठल्या फायलीत लावायचं
ते अजून ठरलेलं नाही.