सहावी लेन

टीव्हीवर अक्षरं आली : के, ए, एन, ई.
त्याच रात्री पुण्याहून फोन,
'आमच्या कुलवृत्तान्तात काण्यांची एक शाखा सुटलेली दिसते.
गोत्र कळवा.'
डेरेक म्हणाला, आजीला विचारतो.

व्यंकव्वा सुपात तेंदूपत्ता घेऊन बसलेली.
विड्यांची मोजणी तोंडात,
म्हणून उत्तर तेलुगूत मिळालं
आणि तेही अर्धंच.

मग आयर्लंडहून पत्र, हिरवा लोकरी मफलर.
पणजोबा इंजिनावर फायरमन,
कॉर्क नावाच्या गावचे.
बाटलीच्या बुचाचं गाव असतं म्हणे!
रेल्वे लाइन्समधली पोरं दिवसभर हसली.
मे महिना, चव्वेचाळीस डिग्री.
डेरेकने मफलर गळ्यात घालून फोटो दिला,
मग त्यानेच घाम पुसला.

सत्काराला पद्मशाली समाजाचा नारळ,
चर्चचा हार, नगरसेवकाची शाल.
वक्ता म्हणाला, हा तर आपल्या चादरीचा ताणाबाणा!
शेजारी यंत्रमागवाला सिद्राम
शेंगा सोलता सोलता पुटपुटला,
'सूत तर कोइमतूरहून येतंय बे.'

चर्चच्या जुन्या वहीत पणजोबाचं पूर्ण नाव आहे,
बापाचं, गावाचं, जहाजाचंसुद्धा.
पणजीपुढे एवढंच :
'इथलीच. नाव मेरी ठेवलं.'
आधी काय होतं?
तिच्या गावाहून कुणाचं पत्र आलं नाही,
मफलर तर नाहीच.

वळणावर डेरेकचा डावा खांदा
इतरांपेक्षा जास्त खाली जातो.
समालोचक म्हणाले, हे रक्तात असावं लागतं.
कुणाच्या, यावर दोघांचं पटेना.

मी रेल्वे मैदानावर चुना मारायचो.
सहाव्या लेनला, पाण्याच्या टाकीपाशी खड्डा होता.
भरायला मुरूम मागितला, मिळाला नाही.
तेव्हा तिथे रेघ वीतभर आत घेतली,
साहेबाला न सांगता.
डेरेक ती लेन कुणाला देत नसे.
आठ वर्षं त्याच वाकड्या रेघेवरून
तो पोरगा पहाटे पहाटे वळत राहिला.

परवा एक जण वही घेऊन आला,
खेळाडूच्या आप्तांची यादी करतोय म्हणाला.
चहा झाला. त्याने पेन उघडलं.
'तुमचं नातं?'
मी नखातला चुना कोरत होतो.
म्हटलं, लिहा,
ओळखीचा.