प्रेशर

लोवेल स्टट्झमनच्या गॅरेजात
आज चौथ्यांदा बॉनेट उघडलंय.
सदुसष्टची व्हॅलियंट. रंग एके काळी हिरवा.
झेन्सव्हिलच्या सपाट गल्ल्यांतून शहाण्यासारखी जाते,
पटनमचा चढ आला की गुदमरते.
रात्रपाळी संपवून मी टॉर्च धरून उभी,
युनिफॉर्म अजून अंगावर.

मी मिरजेत शिकलेली नर्स.
आमच्याकडे रक्तदाबाला नुसतं प्रेशर म्हणतात.
काकूंचं प्रेशर वाढलं. आबांचं पडलं.
हे सांगितलं तेव्हा लोवेलने पाना खाली ठेवला.
म्हणाला, मग तूच बघ हिला.

पंप आणि कार्बोरेटरच्या मध्ये गेज जोडलाय,
लांब नळी काढून काचेवर बाहेरून टेपने चिकटवलाय,
म्हणजे चालवता चालवता दिसेल.
काटा साडेतीन ते पाचमध्ये हवा.
चार. तीन. पाच.
मग एकदम दीड.
असा काटा मी पाहिलाय, पहाटे, वॉर्डात,
नातेवाईक कॉफी आणायला खाली गेलेले असताना.

फिल्टर बदलून झाला.
पंप बदलला, मग जुना उघडून पाहिला,
त्याच्या पडद्याला साधी चीरही नव्हती.
रबरी नळी आतून सुजली असेल म्हणून उभी कापली:
धडधाकट.
फ्लोटची वाटी पुसली, इतकी की त्यात आमटी वाढावी.
उष्णतेने पेट्रोलची वाफ धरत असेल,
म्हणून लोखंडी नळीवर लाकडी चिमटे लावले,
ओळीने अकरा,
व्हर्नाच्या कपड्यांच्या दोरीवरचे.
खिडकीतून व्हर्ना म्हणाली,
आता गाडी वाळत घातली वाटतं.

दुपारी पुन्हा चढ. पुन्हा दीड.
लोवेलने कडेला घेतली, इंजिन धापा टाकत चालूच.
तो बॉनेटकडे गेलाच नाही.
मागे गेला, टाकीचं झाकण फिरवलं.

हिस्स.

लांब, आत ओढलेला,
बुडता माणूस डोकं वर काढून घेतो तसा.
मी काचेतून बघत होते.
काटा चढला. चार.
चारच.

जेवढं पेट्रोल बाहेर, तेवढी हवा आत.
एवढंच होतं.
जुन्या झाकणाला बारीक भोक होतं, नव्याला नव्हतं.
नवं झाकण क्रोमचं, तोंड दिसेल इतकं लख्ख,
ऑगस्टात मीच दिलेलं,
त्याच्या ऐंशीव्या वाढदिवसाला.
जुन्याचा गंज मला बघवत नव्हता.

परत येताना मी काही बोलले नाही.
तोही नाही. रेडिओवर बेसबॉल चालू होतं.

घरी त्याने झाकण फडक्यात गुंडाळलं,
क्रोमवर ओरखडा नको म्हणून,
आणि शिकंजात धरलं.
डब्यात चाचपत सगळ्यात बारीक बिट शोधलं.
हात थरथरतो त्याचा हल्ली.
मी मनगट धरलं, आणि सवयीने मोजलं.
बहात्तर. ठीक.

जुनंच लाव की, मी म्हटलं, फळीवर आहे अजून.

हो, आहे, तो म्हणाला,
आणि ड्रिल सुरू केलं.